सात किलो

उजळाईवाडीच्या काट्यावर पिशवी ठेवली
तसे आकडे पळत सुटले
आणि अकरा-चारशेवर येऊन दम खात थांबले.
काउंटरपलीकडची पोरगी, छातीवर नाव नौशीन मुल्लाणी,
म्हणाली, सर, केबिनला सातच. बाकीचं खाली द्या.

खाली म्हणजे विमानाच्या पोटात.
तिपाई जाईल खाली. टॉवेल, बनियन, दाढीचं सामान.
पण काच कशी देऊ?
सत्तर-दोनशेची लेन्स, अंगानं दीड किलो,
अठरा लग्नं आणि दोन बारशी उभ्यानं काढली
तेव्हा तिचे हप्ते फिटले.
तिला त्या पट्ट्यावर सोडून द्यायची?
आणि बॅटऱ्या तर खाली चालतच नाहीत, ठळक अक्षरात लिहिलंय.
एक नियम खाली ओढतो, दुसरा वर,
मधे मी, फरशीवर गुडघे टेकून, चेन उघडून.

मागं रांगेत कुणीतरी घसा साफ केला.

हिंदुराव आठवला.
निवड चाचणीला चारशे ग्रॅम जास्त भरला होता तो.
पहाटे घोंगडं पांघरून रंकाळ्याला तीन फेऱ्या पळाला,
लिंबू चोखून चोखून थुंकला,
डोकं भादरलं. तरी काटा पन्नासावर अडला.
मग लंगोटही सोडला
आणि दोघांनी धरलेल्या टॉवेलाआड उभा राहिला, डोळे मिटून.
तो फोटो मी काढला नाही.
रोलात एकच उरला होता, शेवटच्या कुस्तीसाठी राखलेला.
ती कुस्ती त्याच्या वाट्याला आलीच नाही.
रोल तसाच धुतला. शेवटची चौकट कोरी.

आता त्याच्या राजनंदिनीची कुस्ती, उद्या, हैदराबादला.
हिंदुराव म्हणाला, तू जा. माझ्यानं बघवणार न्हाई.

फ्लॅशच्या कप्प्यात फ्लॅश नव्हता.
तिथं, स्पंजाच्या मऊ गादीवर,
तीन प्लॅस्टिकांत गुंडाळलेली कांदा-लसणाची चटणी. किलोभर.
वहिनींचं काम. सोबत चिठ्ठी :
वजन झाल्यावरच तिला द्या. आधी वास पण नको.
फ्लॅश बिचारा मोज्यांत सापडला.

तिखट केबिनला चालत न्हाई, नौशीन म्हणाली,
आणि आपल्या तोंडून 'न्हाई' गेलं म्हणून जरा लाजली.
चटणी तिपाईच्या पायांत बांधून खाली दिली.
दहा-चारशे.
ती पुढं वाकली. आवाज एकदम खाली आणून :
काका, जाकिटाला खिसे किती हाईत?

मे महिना. आठ खिसे.
डावीकडं जुना कॅमेरा, उजवीकडं दीड किलोची ती,
आत छातीशी बॅटऱ्या, पाठीमागं फ्लॅश.
बाळंतपणाला आठ दिवस उरल्यासारखा उभा राहिलो.
सात-शून्य-वीस.
मी पिशवी उलटी करून झटकली.
शिवणींतून तालमीची तांबडी माती सांडली
त्या पांढऱ्या फरशीवर.
तिनं चिठ्ठी बांधली. पुन्हा काट्याकडं बघितलंच नाही.

पट्टा पोटावर बसेना. शेजारचे गृहस्थ
आपली कोपरं आवरून खिडकीशी चिकटले,
मग स्वतःहून म्हणाले, या, तुम्ही बसा इकडं.
पंखे गरगरले. ऊस खाली गेला, वीटभट्ट्या गेल्या,
आणि पंचगंगा अशी वळली की मी हात खिशात घातला.
कॅमेरा डाव्या, लेन्स उजव्या, झाकण कुठल्या कोण जाणे.
जुळवेपर्यंत नुसता ढग.

घड्याळात साडेआठ.
आत्ता तिकडं राजनंदिनी काट्यावर चढत असेल,
कालपासून पाण्याचा थेंब नाही.
आणि इकडं माझ्या पायांखाली, गार अंधारात,
तिच्या आईची चटणी
तिच्याकडं निघालीय.